बोल्ट तुटत नाही, पत्रा फाटतो: किट कारमध्ये सीट पक्की कशी बसवावी

ब्रिटनमध्ये घरामागच्या गॅरेजात गाडी बांधण्याची परंपरा जुनी आहे. कॉलिन चॅपमनची लोटस सेव्हन १९५७ साली आली तेव्हा ती सुट्या भागांतही विकत मिळायची, कारण तयार गाडीवर बसणारा परचेस टॅक्स सुट्या भागांवर बसत नसे. १९७३ साली त्या गाडीचे हक्क केटरहॅमकडे गेले. पुढे तिच्याच घाटाच्या, एक इंची चौकोनी पाइपांची चॅसी, म्हणजे गाडीचा सांगाडा, घरीच वेल्ड करून बांधायच्या ‘लोकॉस्ट’ गाड्या आल्या. आज लेस्टर, स्लाउ किंवा मिल्टन कीन्समध्ये नोकरीनिमित्त राहणारा मराठी माणूस किट, म्हणजे घरी जोडायच्या गाडीच्या सुट्या भागांचा संच, घ्यायचं मनावर घेतो, तेव्हा बहुधा याच घराण्यातली गाडी त्याच्या डोळ्यांसमोर असते. हा लेख अशा पहिलटकरांसाठी आहे आणि तो फक्त सीटबद्दल आहे.

सीटबद्दल वेगळं लिहावंसं वाटतं, कारण हे काम नेहमी शेवटाला जातं. इंजिन बसतं, वायरिंग होतं, चॅसीला पावडर कोटिंग होतं, तळाचा पत्रा रिबेट मारून बंद होतो आणि मग सीट आणून चार भोकं पाडली जातात. त्या वेळी तळाखाली आडवा पाइप घालायची सोय उरलेली नसते आणि रंग जाळून वेल्डिंग करायला कोणाचाही हात धजत नाही. म्हणून पहिली गोष्ट हीच की सीट कुठे येणार आणि तिचे बोल्ट कशात जाणार, हे चॅसी उघडी असतानाच ठरवा. सीट प्रत्यक्ष बसवा शेवटी, पण तिची जागा आधी पक्की करा.

ताण कुठून येतो

समोरून टक्कर झाली तर माणसाला धरून ठेवायचं काम बेल्टचं. बेल्टची टोकं थेट चॅसीला बांधलेली असतील, तर सीटला प्रामुख्याने स्वतःचं वजन सांभाळायचं असतं. ब्रिटन आणि युरोपात मोठ्या कंपन्यांच्या गाड्यांच्या सीट संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक १७ प्रमाणे तपासल्या जातात. त्यात २० जीचा हिसका धरलेला आहे, म्हणजे सीटच्या वजनाच्या वीसपट ओढ. १२ किलोच्या सीटला ती २४० किलो होते. चार बोल्टांना हे जड नाही.

मागून कोणी येऊन धडकलं की मात्र हिशेब बदलतो. माणूस पाठीमागे रेटला जातो आणि सगळा भार सीटच्या पाठीवर येतो. ८० किलोचा माणूस, १० किलोची सीट आणि धक्का फक्त १० जीचा धरा. म्हणजे ९०० किलोचा रेटा, तोही तळापासून साधारण ३५ सेंटिमीटर उंचीवर. सीट मागच्या बोल्टांवर उलटायला बघते आणि पुढचे दोन बोल्ट वर खेचले जातात. पुढच्या आणि मागच्या बोल्टांत ३५ सेंटिमीटर अंतर असेल, तर पुढच्या प्रत्येक बोल्टाला सुमारे ४५० किलोची ओढ बसते. तेच अंतर २५ सेंटिमीटर ठेवलंत तर ओढ ६३० किलोवर जाते. गणित ढोबळ आहे, पण दोन गोष्टी त्यातून नीट कळतात. बोल्ट पुढेमागे जितके लांब ठेवता येतील तितके ठेवावेत, आणि पुढच्या बोल्टांकडे मागच्यांइतकंच लक्ष द्यावं.

आता बोल्ट बघा. ८.८ प्रतीचा (ही बोल्टाच्या ताकदीची प्रत) एम८, म्हणजे ८ मिमी जाड, बोल्ट दोन हजार किलोंच्या वर ओढल्याशिवाय कायमचा ताणला जात नाही. म्हणजे या हिशेबात बोल्ट कुठेच कमी पडत नाही. कमी पडतो तो बोल्टाखालचा पत्रा. सव्वा मिलिमीटरच्या पत्र्याला भोक पाडून खाली साधा वायसर लावला, तर जोराच्या ओढीने पत्रा त्या वायसरभोवती वाटीसारखा वळतो, भोक मोठं होतं आणि वायसर बोल्टासकट त्यातून वर येतो. ॲल्युमिनियमच्या पत्र्यात हे आणखी लवकर होतं. जाडजूड बोल्ट घेऊन मनाचं समाधान करून घेणाऱ्यांना माझं हेच सांगणं असतं की बोल्टाचा आकार वाढवण्याआधी त्याच्याखाली काय आहे ते बघा.

एक अपवाद नीट लक्षात घ्या. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत बेल्टचं बकल सीटच्या चौकटीलाच बसवलेलं असतं. अशी सीट भंगारातून आणून वापरलीत, तर समोरच्या टकरीत माणसाचा भारही सीटच्या बोल्टांवर येतो. बेल्टच्या टोकांसाठीचा नियम क्रमांक १४ तीन टोकांच्या बेल्टला खांद्याच्या आणि कमरेच्या पट्ट्यावर एकाच वेळी प्रत्येकी साडेतेरा हजार न्यूटन, म्हणजे जवळजवळ पावणेचौदाशे किलोची ओढ लावतो. पत्रा आणि त्याखाली लावलेल्या स्टीलच्या दोन पट्ट्यांच्या भरवशावर हे झेपणार नाही. एक तर बकल सीटवरून काढून चॅसीला स्वतंत्र जागा करून द्या, नाहीतर सीटचे बोल्ट थेट चॅसीच्या भक्कम आडव्या पाइपांत जातील असं करा. पहिला मार्ग मला जास्त भरवशाचा वाटतो.

सीटची निवड

एकाच साच्यातली फायबरग्लासची बकेट सीट, किट विकणाऱ्याकडची गादीची सीट आणि भंगारातल्या गाडीची सीट, असे साधारण तीन पर्याय समोर येतात. सेव्हनच्या घाटाच्या गाडीत माज्दा एमएक्स-५ च्या सीट बऱ्याच जणांनी बसवलेल्या दिसतात. पण खरेदीआधी मधला टनेल (दोन सीटच्या मधला उंचवटा) आणि बाजूचा पाइप यांमधली रुंदी टेपने मोजा. वरची रुंदी वेगळी मोजा, तळाशी असलेली वेगळी. सीट वर बसते आणि खाली अडकते, असं फार वेळा होतं.

गादीची सीट घेताना ती उलटी करून बघा. काही स्वस्त सीटचा तळ प्लायवुडचा असतो आणि बोल्ट धरणारे नट त्या प्लायमध्ये ठोकलेले असतात. ही गाडी उघडी असते, पावसात भिजते, ओलीने प्लाय मऊ पडतो. अशी सीट आवडलीच असेल तर प्लायच्या आतल्या बाजूने ३ मिमीची स्टीलची पट्टी घालून बोल्ट तिच्यातून घ्या.

बकेट सीटवर ८८५५-१९९९ असा एफआयए या मोटर-स्पर्धांच्या जागतिक संघटनेचा क्रमांक असलेलं लेबल दिसलं, तर ती स्पर्धेच्या मापदंडाला तपासलेली आहे आणि स्पर्धेसाठी तिची मुदत बनवल्यापासून पाच वर्षं धरतात. रस्त्यावरच्या गाडीला हे लेबल लागत नाही. तरी कवच किती जाड आहे, बोल्टाच्या जागी आतून धातूचा तुकडा घातला आहे की नाही, हे बोटांनी चाचपून बघा. बोल्ट नुसत्या फायबरमध्ये घुसवलेले असतील तर ती सीट घेऊ नका.

भंगारातल्या सीटच्या कडेला एअरबॅग असेल तर तिच्या खाली पिवळ्या वेष्टनाची वायर किंवा पिवळा कनेक्टर दिसतो. त्यात न फुटलेली स्फोटक पुडी असते. ती वायर मल्टिमीटरने तपासायची नाही, बॅटरीला लावून बघायची नाही, सीटची ती बाजू कापायची नाही. नवख्याने एअरबॅग नसलेलीच सीट आणावी.

भोक पाडण्याआधी बसून बघा

हा टप्पा कंटाळवाणा वाटतो, पण पुढची कितीतरी वर्षं कंबर आणि गुडघे त्याची साक्ष देत राहतात. सीट चॅसीत नुसती ठेवा, खाली लाकडाचे तुकडे घालून उंची आणि कल जमवा आणि रॅचेटच्या पट्ट्याने आवळा. गाडी चालवताना घालणार तेच बूट घाला. नुसते मोजे घालून घेतलेलं माप उपयोगाचं नाही.

क्लच पूर्ण दाबल्यावर गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. पाय सरळ ताठ होत असेल तर सीट लांब गेली. पाठ सीटला टेकलेली असताना हात सरळ पुढे केला की मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर पडलं पाहिजे. मांडी स्टिअरिंगला घासू नये. नजर विंडस्क्रीनच्या वरच्या चौकटीवर येत असेल तर सीट खाली घ्या, कारण ती पट्टी बरोबर डोळ्यांसमोर ठेवून गाडी चालवणं धोक्याचं आहे. मागे रोल बार, म्हणजे गाडी उलटली तर डोकं वाचवणारी कमान, असेल तर तुमचं डोकं, आणि ट्रॅकवर जाणार असाल तर हेल्मेट, त्याच्या वरच्या रेषेखाली राहायला हवं. रोल बारच्या माथ्यापासून पुढच्या भक्कम भागापर्यंत एक सरळ काठी धरली की हे लगेच दिसतं.

सीट स्टिअरिंगच्या बरोबर समोर आहे ना, हेही याच वेळी बघा. अरुंद गाडीत सीट टनेलमुळे बाहेरच्या बाजूला ढकलली जाते. दोन-तीन सेंटिमीटरचा फरक चालतो, पण सीट तिरकी बसली तर तासाभरात पाठ बोलायला लागते.

स्लायडर, म्हणजे सीट पुढेमागे सरकवायची रूळपट्टी, हवा की नको, हा प्रश्न इथेच सोडवा. स्लायडरने सीट साधारण २५ ते ३० मिमी वर येते आणि सेव्हनसारख्या ठेंगण्या गाडीत तेवढी उंची मोलाची असते. गाडी एकच माणूस चालवणार असेल तर सीट थेट तळाला आवळा. घरात दोघं चालवणार असतील आणि उंचीत फरक असेल, तर चालकाच्या सीटला स्लायडर लावा आणि शेजारची सीट पक्कीच ठेवा. स्लायडर असाच निवडा की जो दोन्ही बाजूंनी लॉक होतो. एकाच बाजूने अडकणारा स्लायडर जोराच्या ब्रेकला सीट पिळतो.

बेल्टही आत्ताच धरून बघा. कमरेचा पट्टा पोटावर नको, ओटीपोटाच्या दोन्ही बाजूंच्या हाडांवर हवा, आणि सीटपासून मागे-खाली साधारण ४५ अंशांत उतरायला हवा. चार टोकांचा बेल्ट असेल तर खांद्यावरून मागे जाणारे पट्टे शक्यतो १० अंशांच्या आत खाली उतरावेत. एफआयएच्या नियमांत ४५ अंश ही शेवटची हद्द आहे. पट्टे खांद्यावरून सरळ खाली उतरत असतील तर टकरीत ते मणका दाबतात. सीट वर उचलली की हा कोन बिघडतो. म्हणून सीटची उंची आणि बेल्टची टोकं एकत्रच ठरवायची.

तळाखाली काय आहे

हे सगळ्यात महत्त्वाचं काम. गाडी जॅकवर उचला, चारही बाजूंना स्टँड लावा आणि खाली जाऊन बघा. चॅसीचे पाइप नेमके कुठून जातात, ब्रेकची नळी, पेट्रोलची नळी, हँडब्रेकची केबल कुठे आहे, हे तळाच्या वरच्या बाजूला मार्करने काढून घ्या. ड्रिल वरून चालवताना खालचं काही दिसत नाही.

पाइपांच्या चॅसीत सर्वांत उत्तम उपाय म्हणजे सीटखाली पुढे एक आणि मागे एक असे आडवे पाइप वेल्ड करणं आणि बोल्ट त्यांतून घेणं. पण पोकळ पाइपाला आरपार भोक पाडून बोल्ट आवळू नका. नट आवळताना पाइपाच्या भिंती आत दबतात. टॉर्क रेंच (आवळण्याचा जोर मोजणारा पाना) बरोबर आकडा दाखवतो, पण थोड्या दिवसांत पाइप आणखी दबतो आणि बोल्ट ढिला पडतो. मग परत आवळलं की पाइप परत दबतो. यावर उपाय बुशाचा, म्हणजे जाड भिंतीच्या नळीच्या तुकड्याचा. एम८ बोल्टासाठी ८ मिमीपेक्षा किंचित मोठं भोक असलेला, ३ मिमी किंवा त्याहून जाड भिंतीचा बुश घ्या, पाइपाच्या उंचीइतकाच लांब कापा, पाइपात आरपार घालून वर-खाली दोन्हीकडे वेल्ड करा आणि कानशीने सपाट करा. आता नट कितीही आवळला तरी ताकद बुशावर येते, पाइप तसाच राहतो. २५ मिमीच्या पाइपाला बुशासाठी मोठं भोक पाडल्याने तो तिथे कमजोर होतो, म्हणून भोक पाइपाच्या बरोबर मध्ये घ्या आणि हा पाइप २ मिमी जाडीचा वापरा. चॅसीच्या मूळ लांब पाइपांना शक्यतो भोकं पाडूच नका.

वेल्डिंगच्या वेळी बॅटरी सोडवा, ईसीयूचे (इंजिनच्या संगणकाचे) कनेक्टर काढा आणि पेट्रोलची टाकी व नळ्या गाडीत असतील तर काम थांबवून आधी त्या बाहेर काढा.

बोल्टाच्या जागी पाइप येतच नसेल, फक्त पत्रा असेल, तर खालून प्लेट द्यावी लागते. यासाठी एफआयएच्या नियमावलीतल्या ‘जे’ परिशिष्टातला नियम सरळ उचलावा, कारण तो स्पर्धांतल्या गाड्यांसाठी लिहिलेला आहे आणि आकडे स्पष्ट आहेत. प्रत्येक सीटला किमान चार जागी बोल्ट, बोल्ट किमान ८ मिमीचे, प्लेट स्टीलची असेल तर किमान ३ मिमी आणि हलक्या मिश्रधातूची असेल तर ५ मिमी जाड, आणि प्रत्येक बोल्टाच्या जागी किमान ४० चौरस सेंटिमीटर भाग पत्र्याला टेकलेला. म्हणजे ६५ मिमी बाजूचा चौकोनी तुकडा. बाजारात मिळणारा मोठा वायसर या आकाराच्या जवळपासही येत नाही.

प्लेटचे कोपरे गोल करा आणि पत्र्याला टेकणारी कड कानशीने मोडा. धारदार कड तशीच ठेवली तर जोराच्या ओढीत तीच पत्रा कापते. सुट्या चार तुकड्यांपेक्षा मला ५० मिमी रुंद आणि ३ मिमी जाड अशी लांब पट्टी आवडते. पुढच्या दोन बोल्टांना एक, मागच्या दोघांना एक. पट्टीची दोन्ही टोकं टनेलच्या आणि बाजूच्या पाइपाखाली जातील इतकी लांब ठेवली, तर वर खेचणारी ओढ पत्र्यावर न राहता पाइपांवर जाते. स्टीलचा तळ असेल तर ही पट्टी पाइपांना वेल्डही करता येते. थोडं वजन वाढतं. वाढू द्यावं.

तळ ॲल्युमिनियमचा असेल तर स्टीलची प्लेट आणि पत्रा यांच्यात ड्युरालॅकसारखा लेप किंवा पॉलियुरेथेन सीलंट घाला. दोन वेगळे धातू आणि मध्ये पावसाचं पाणी अशी गाठ पडली की ॲल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन झडतं, आणि ते होतं नेमकं प्लेटखाली, जिथे दिसत नाही.

फायबरग्लासच्या तळाचं वेगळं. फायबरला दोन प्लेटांत दाबून ठेवलं तर रेझिन सावकाश दबत जातं आणि बोल्टाची पकड जाते. सीटचा भार फायबरवर टाकायचाच नाही. फायबरला मोठं भोक घ्या, त्यात धातूची नळी बसवा आणि बोल्ट तिच्यातून खालच्या चॅसीत न्या, म्हणजे आवळताना फायबर मध्ये चिरडलं जात नाही. ब्रूस मेयर्सने १९६४ साली सुरू केलेल्या बीच बगीच्या घराण्यातली, फोक्सवॅगन बीटलच्या तळावर फायबरची बॉडी चढवलेली गाडी बांधत असाल, तर सीट बीटलच्या स्टीलच्या तळालाच बसवा. आधी मात्र तो तळ स्क्रू-ड्रायव्हरने टोचून बघा. बॅटरीची जागा आणि कडा बहुधा गंजलेल्या असतात. गंजलेल्या तळावर कोणतीही प्लेट लावून उपयोग नाही, आधी पत्रा बदलावा लागतो.

पुण्याच्या एआरएआयसारख्या तपासणी संस्थांत सीट यंत्राने ओढून, आकडे नोंदवून बघतात. गॅरेजात ते शक्य नाही. म्हणूनच इथे अंदाजाने चालायचं नाही, दुसऱ्यांनी तपासून ठरवलेली मापं घ्यायची आणि त्यांच्या थोडं पुढे राहायचं. हेच आपल्याकडच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत बाहा या कच्च्या वाटेवरच्या स्पर्धेसाठी बगी बांधणाऱ्या मुलामुलींनाही लागू आहे. भारतात घरी बांधलेली गाडी रस्त्यासाठी नोंदवून घेणं जवळजवळ अशक्य आहे, पण बाहा स्पर्धा होते त्या पीथमपूरच्या मातीतले धक्के रस्त्यावरच्या धक्क्यांपेक्षा कमी नसतात.

नट, बोल्ट, वायसर

डोक्यावर ८.८ कोरलेलेच बोल्ट घ्या. डब्यात वर्षानुवर्षं पडलेला, डोक्यावर काहीच खूण नसलेला बोल्ट सीटला नको. स्टेनलेसचा बोल्ट चकचकीत दिसतो, पण नेहमी मिळणारा ए२-७० प्रतीचा बोल्ट ८.८ पेक्षा कमी ताकदीचा असतो आणि आवळताना त्याचे आटे एकमेकांत अडकून बसतात. जस्ताचा थर दिलेला ८.८ बरा.

बुशात किंवा प्लेटवर एम८ पुरतो. सीटच्या चौकटीला मुळात एम१० ची भोकं असतील तर एम१०च वापरा. मोठ्या भोकात बारीक बोल्ट घालून वायसरने वेळ मारून नेऊ नका. नट नायलॉक, म्हणजे आत नायलॉनचं कडं असलेला, घ्या. आवळल्यावर नायलॉनच्या पुढे किमान एक-दोन पूर्ण आटे बाहेर दिसले पाहिजेत, तेवढा लांब बोल्ट निवडा. एकदा सोडवलेला नायलॉक परत लावू नका, किंमत किरकोळ असते. पत्र्यात रिबेटसारखे ठोकून बसवायचे रिबेट-नट सीटला अजिबात चालत नाहीत, ते डॅशबोर्डला ठीक.

सुके आटे असतील तर एम८ ला साधारण २५ न्यूटन-मीटर, एम१० ला ५० च्या आसपास. आट्यांना तेल किंवा ग्रीस लावलं असेल तर तेवढ्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो, म्हणून आटे पुसून घ्या.

बेल्टच्या बोल्टांची गोष्ट निराळी. बेल्टचे बोल्ट बहुतेक वेळा ७/१६ इंच यूएनएफ आट्यांचे असतात, म्हणजे ११.१ मिमी जाड, इंचाला २० आटे. त्या नटात एम१० ढिला जातो आणि एम१२ चुकीच्या आट्यांवर चढून नट खराब करतो. दोन्ही डबे वेगळे ठेवा, आणि सीटच्या एम८ बोल्टाखाली बेल्टचं टोक अडकवू नका.

प्रत्यक्ष बसवणं

जमवलेल्या जागेवर सीट असतानाच तिच्या भोकांतून तळावर खुणा करा. मग सीट बाहेर काढून खुणा तपासा. गुण्या लावा, कर्ण मोजा. दोन्ही कर्ण सारखे आले की चारही भोकं काटकोनात आहेत. पाणसळीवर विसंबू नका, स्टँडवरची गाडी समतल असेलच असं नाही.

पंच मारा आणि आधी ३ मिमीचं बारीक भोक पाडा. खाली जाऊन बघा. भोक प्लेटच्या आणि पाइपाच्या हिशेबाने योग्य जागी आलं असेल तरच ८.५ मिमीचं करा. बारीक भोक चुकलं तर बुजवता येतं. कडेचा बर काढा, उघड्या धातूला जस्ताचा प्रायमर लावा, सुकू द्या. प्लेटच्या वरच्या बाजूला सीलंट फिरवा, नाहीतर पावसाचं पाणी प्लेट आणि पत्रा यांच्यात साठून राहतं.

बोल्टाचं डोकं खाली आणि नट वर ठेवणं सोयीचं. ही गाडी जमिनीला चिकटून चालते आणि गतिरोधकावर तळ घासला तर बाहेर आलेल्या आट्यांपेक्षा डोकं कमी लोंबतं. पण नटाला पाना वरून पोचतो का, हे सीट ठेवून बघा. काही सीटमध्ये वरून पाना जातच नाही. तिथे प्लेटला नट वेल्ड करून बोल्ट वरून घ्यावा, आणि आट्यांना ढिलं न पडू देणारं द्रव लावावं.

चारही बोल्ट आधी हाताने बसवा. स्लायडर असेल तर पाना लावण्याआधी सीट पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे सरकवा. कुठेही अडकली तर दोन स्लायडर एकमेकांना समांतर नाहीत, किंवा तळ एका कोपऱ्यात उंच आहे. त्या कोपऱ्याखाली पत्र्याची चकती घाला. जोर लावून बोल्ट आवळला की स्लायडर पिळतो आणि मग एका बाजूचं लॉक अर्धवटच बसतं, बाहेरून मात्र सगळं ठीक दिसतं. सीट सहज सरकली की समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे आवळत शेवटच्या टॉर्कपर्यंत या. नंतर प्रत्येक खाचेत दोन्ही बाजूंचं लॉक खटकन बसतं का, ते डोळ्यांनी बघा.

तपासणी आणि पुढची निगा

एकाला सीटवर बसवून पाय पुढे रेटत पाठीवर जोर द्यायला सांगा आणि तुम्ही तळाखाली बघा. मग सीटची पाठ वरून धरून पुढे, मागे, आडवी हलवा. सीटचं कवच थोडं लवतं, ते चालतं. पण बोल्टाभोवतीचा पत्रा वरखाली होत असेल, तर प्लेट लहान आहे किंवा पाइपापासून फार लांब आहे. त्याच दिवशी प्लेट काढून मोठी करा. सगळं मनासारखं झालं की प्रत्येक नटावरून तळापर्यंत रंगाची एक रेघ ओढा. नट हलला की रेघ तुटलेली दिसते.

कार्पेट टाकण्याआधी बुश, प्लेट आणि वेल्डिंगचे फोटो काढून ठेवा, शेजारी मोजपट्टी ठेवून. ब्रिटनमध्ये अशा गाडीला डीव्हीएसए या सरकारी संस्थेची आयव्हीए, म्हणजे एकेका गाडीला मान्यता देणारी, तपासणी उत्तीर्ण व्हावी लागते. २००९ साली जुन्या एसव्हीए तपासणीच्या जागी ती आली. तपासनीस सीट आणि बेल्टची टोकं बघतो, बेल्टवर मान्यतेची खूण आहे का बघतो. झाकलेल्या भागांबद्दल प्रश्न आला तर फोटो हाताशी असावेत. नोंदणीसाठी डीव्हीएलए ही गाड्या नोंदवणारी सरकारी संस्था जो व्ही६२७/१ फॉर्म मागते, त्यासोबतही हेच फोटो आणि सुट्या भागांच्या पावत्या उपयोगी पडतात.

पहिल्या शंभर-दीडशे किलोमीटरनंतर टॉर्क पुन्हा तपासा, कारण रंगाचा थर आणि सीलंट तोवर दबलेले असतात. नंतर दर हिवाळ्यात, गाडी उभी असते तेव्हा, कार्पेट उचलून रेघा बघा, प्लेटच्या कडेला गंजाचा तांबूस ओघळ आहे का बघा, स्लायडरमधली वाळू आणि खडे काढा. टक्कर झाली, बाहेरून गाडी धड दिसली तरी, सीटचे बोल्ट, नट, प्लेट, स्लायडर आणि बेल्ट सगळे नवे घाला, आणि बुशांभोवतीचं वेल्डिंग रंग खरवडून, चांगल्या उजेडात तपासा.